इंजिन खाली आलंय, म्हणून खोलायचंच का?

पत्र

काका, नमस्कार. आम्ही भिलवडीचे, द्राक्षबागायतदार. वडिलांची २००४ ची मारुती ८०० आहे, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेली. २०१९ च्या पुरात ती दारातच अडकली, पाणी हेडलाइटच्या खालपर्यंत आलं होतं. तेव्हा धुऊन, ऑइल बदलून चालू केली आणि आजवर विनातक्रार चालली. २०२४ ला पासिंगही झालं. पण बॉनेटखालचा पत्रा आतून गंजत गेला. आता सांगलीत एका गॅरेजला पत्र्याच्या आणि रंगाच्या कामाला टाकली आहे, त्यासाठी इंजिन खाली घेतलं. मिस्त्री म्हणतात, 'खाली आलंच आहे तर सगळं खोलून नव्याने बांधूनच घ्या. बोअर, रिंग-पिस्टन, क्रँक, सगळं मिळून अडतीस हजार. नंतर परत उतरवायचं तर सहा हजार मजुरी पुन्हा जाईल.'

गाडी सकाळी पहिल्यांदा चालू केली की निळसर धूर सोडते, मिनिटभरात तो थांबतो. पाच हजार किलोमीटरमध्ये अर्धा लिटर ऑइल वर टाकावं लागतं. ॲव्हरेज सतरा. आवाज काही नाही. वडील आता चालवत नाहीत, पण रोज संध्याकाळी तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसतात, त्यामुळे विकायचा प्रश्न नाही. बांधू की नको? आणि रंग बदलावा का? मुलीला लाल हवा आहे.

– एक वाचक, भिलवडी

उत्तर

बांधू नका. निदान आज तरी नको, आणि निव्वळ 'खाली आलंय' एवढ्यावर तर मुळीच नको.

मिस्त्री सांगतात त्यात खोट नाही. पस्तीस वर्षं गॅरेज चालवताना मीही गिऱ्हाइकाला हेच ऐकवलंय, 'मजुरी दोनदा कशाला देताय?' ऐकणाऱ्याला लगेच पटतं ते. पण त्यांचेच दोन आकडे शेजारी मांडून बघा. पुढंमागं इंजिन परत उतरवावं लागलं तर सहा हजार जातील. ते 'कदाचित'चे सहा हजार वाचवायला आज खात्रीचे अडतीस हजार घालायचे. दोन वर्षांनी खरंच बांधायची वेळ आली तर तुमचं नुकसान सहा हजारांचं, आणि नाहीच आली तर अडतीस हजार खिशात. द्राक्षाचा माल व्यापाऱ्याला देताना तुम्ही याहून कडक हिशेब करता. त्यात आठशेचं इंजिन म्हणजे काही ट्रकचं धूड नव्हे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. चेन पुली असली की दोन पोरं जेवायच्या सुट्टीआधी खाली घेतात.

पैसे सोडा, मला भीती आहे ती दुसरीच. चालतं इंजिन खोललं की त्याची वीस वर्षांची बैठक मोडते. पिस्टनवरच्या रिंगा घासून घासून आपापल्या बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या झालेल्या असतात, बेअरिंगचे शेल आपापल्या जर्नलचे, म्हणजे क्रँकच्या दांड्यावरच्या त्या त्या जागेचे. एकदा सुटे केले की ते परत तसे बसतील याचा भरवसा नाही. मग नवं घालायचं. आणि नवं घालायचं तर मोजमाप, लेथचं काम, होनिंग (बोअरला बारीक रेघा पाडणं), धुणं, टॉर्क, सगळं जिथल्या तिथं व्हायला लागतं. एका ठिकाणी हयगय झाली की चांगलं इंजिन पैसे देऊन बिघडवून आणलं, असं होतं.

हे मी शिकलो ते गिऱ्हाइकाच्या गाडीवर. नव्वदच्या दशकात मिरजेच्या एका मास्तरांची प्रीमियर पद्मिनी गाडी माझ्याकडे आली. क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल गळत होतं, बाकी गाडी एकदम ठणठणीत. इंजिन उतरवलं आणि मीच म्हणालो, मास्तर, काढलंच आहे तर रिंगा टाकून घेऊ. बोअरवर बोट फिरवलं, आरशासारखा गुळगुळीत. तरुण होतो, वाटलं, झकास! होन न मारताच नव्या रिंगा चढवल्या. आता, नवी रिंग बसायला बोअरच्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघांची जाळी लागते. त्या रेघा ऑइल धरतात आणि रिंग हळूहळू झिजून बसते. आरशावर ती बसतच नाही. शिवाय बोअरच्या अगदी वरच्या तोंडाशी, जुनी रिंग जिथवर पोचायची त्याच्या वर, न झिजलेल्या लोखंडाची एक कडा उरते. नखाला सहज लागते. जुन्या रिंगेची धार त्या कडेच्या मापाने झिजलेली असते. नव्या रिंगेची कोरी धार तिच्यावर जाऊन ठोकते. दोन महिन्यांत मास्तरांची गाडी, सीलमधून गळायचं त्याच्या तिप्पट ऑइल पिऊ लागली. परत खोललं तेव्हा दुसऱ्या सिलिंडरची वरची रिंग दोन तुकड्यांत हातात आली. दोन्ही वेळची मजुरी मी सोसली. मास्तर रागावले नाहीत, नुसतं 'असो' म्हणाले. ते 'असो' अजून ऐकू येतं.

तुमच्याकडे फळछाटणीआधी काडी तपासून घेतात. डोळ्यात घड आहे का, कितव्या डोळ्याला आहे, हे बघितल्यावर मग कात्री. बाग मोकळी आहे, मजूर आलेत, म्हणून कुणी छाटत सुटत नाही. इंजिनाचंही तेच करू.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरूनच बरंच कळतं. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर आणि मग गायब, ही वॉल्व सीलची खूण. रात्रभर हेडमधलं ऑइल वॉल्वच्या दांडीवरून थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी जळतं. वीस वर्षांचं रबर ते, कडक होणारच. रिंगा गेल्या असत्या तर धूर चढाला, ॲक्सिलरेटर दाबल्यावर दिसला असता, आणि चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढलं की फकफक वाफ मारली असती. पाच हजारांत अर्धा लिटर या वयाच्या इंजिनाला माफ आहे. आवाज नाही, ॲव्हरेज सतरा. मला तरी यात अडतीस हजार कुठं दिसत नाहीत.

पण मी इथं बसून सांगतोय, त्यामुळे माझ्यावर विसंबू नका, मोजून घ्या. खरं तर हे मोजमाप इंजिन उतरवायच्या आधी, गाडी गरम असताना करायचं असतं. ती वेळ गेली. तरी जमिनीवरही होतं, फक्त एक बघा: गिअरबॉक्स इंजिनाला अजून जोडलेला आहे ना? या गाडीत स्टार्टर गिअरबॉक्सच्या हाऊसिंगवर बसतो. तो सोडवला असेल तर आधी परत जोडायला लावा. मग इंजिन जुन्या टायरवर भक्कम टेकवा, चेन पुलीची साखळी अंगावर राहू दे, गिअर न्यूट्रलला. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्रात, ऑइल हवं. आसपास पेट्रोलचा डबा किंवा थिनर नको, कारण ठिणगी उडते. टॅपेटची (वॉल्वला दाबणाऱ्या भागाची) फट मॅन्युअलप्रमाणे आहे ना, तेही आधीच बघायला सांगा. टॅपेट टाइट असला तर वॉल्व पुरता मिटत नाही आणि चांगलं इंजिनही खोटं पडतं. तिन्ही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा, चांगली चार्ज बॅटरी जंपर वायरने स्टार्टरला, आणि एकेका सिलिंडरला कंप्रेशन गेज लावून पाच-सहा फेरे. तिन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून घ्या. मग प्रत्येक बोअरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत तेच.

इंजिन थंड आहे, त्यामुळे आकडे मॅन्युअलपेक्षा थोडे कमी येतील. तिन्ही एकमेकांना धरून आहेत का, ते महत्त्वाचं. समजा गेजवर १७०, १६५, १७० आले. विषय संपला, बांधायचं नाव काढू नका. १७०, १२०, १६५ आले तर मधल्या सिलिंडरमध्ये गोम आहे. ऑइल सोडल्यावर १२० चे १५० झाले तर रिंग-बोअर, कारण ऑइलने तिथली फट तेवढ्यापुरती बुजवली. काहीच फरक पडला नाही तर वॉल्व नाहीतर हेडखालचं गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर बरोबरीने पडलेले असतील तर गॅस्केटवर आधी संशय घ्या.

आणखी एक तपासणी आहे, तिला खर्च जवळजवळ नाही. तुमची गाडी रंगाला पडली आहे, म्हणजे तिथं कॉम्प्रेसर आहेच. पिस्टन कंप्रेशनच्या फेऱ्यात वर आणायचा, म्हणजे दोन्ही वॉल्व बंद, आणि प्लगच्या भोकातून बेताची हवा सोडायची. क्रँक पुली कुणीतरी पान्याने घट्ट धरा, हवा पिस्टनला खाली ढकलते आणि बोटं सापडतात. आता कान लावा. ऑइलच्या तोंडातून सूंऽऽ आलं तर हवा रिंगांवरून खाली जातेय. थ्रॉटलकडून आलं तर इनलेट वॉल्व, सायलेन्सर जोडतात त्या तोंडातून आलं तर एक्झॉस्ट. हेडमधल्या पाण्याच्या वाटेत पाणी भरून ठेवलं आणि बुडबुडे आले तर गॅस्केट. थोडी हवा रिंगांवरून सगळ्याच इंजिनांत जाते, त्याला घाबरू नका. तिन्हींत एखादं वेगळं वाजतंय का, एवढंच ऐकायचं.

आता पुराचं. मिस्त्री उद्या म्हणतील, 'पुरातली गाडी आहे, आत काय झालंय कोण जाणे.' त्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. तेव्हा आलेल्या गाड्या मी महिनोन् महिने धूत होतो, त्यामुळे सांगतो: सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी स्टार्टर मारला असता तर कनेक्टिंग रॉड तिथल्या तिथं वाकला असता, कारण पाणी दाबलं जात नाही. वाकलेल्या रॉडचं इंजिन सहा वर्षं गुपचूप सतराचं ॲव्हरेज देत नाही. बेअरिंगमध्ये गाळ गेला असता तर ते केव्हाच ठोकायला लागलं असतं. पूर इंजिनाच्या बाहेर राहिलाय, आणि बाहेर मात्र तो अजून आहे. चेंबरचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. गंजून पापुद्रा सुटत असेल तर चेंबर बदला. त्या निमित्ताने चेंबर उघडेल तेव्हा ऑइल ओढणारी जाळी बघा. काळ्या चिकट गाळाने ती अर्धी बुजलेली निघणं फार कॉमन आहे, आणि इंजिनं मरतात ती बऱ्याचदा या जाळीपायी. चेंबरच्या तळाच्या गाळात लोहचुंबक फिरवा. बारीक राखाडी भुकटी चिकटली तर चालतं, चमकणारे कण निघाले तर मला परत लिहा. मिस्त्रींची तयारी असेल तर एका कनेक्टिंग रॉडची कॅप उतरवून शेल बघून घ्या. नख अडकेल असा ओरखडा नसेल तर कॅप त्याच तोंडाने, टॉर्क पान्यानेच परत. अंदाजपंचे आवळायची नाही.

इंजिन खाली आल्याचा खरा फायदा वेगळ्याच कामांत आहे, तिथं हात सैल सोडा. क्रँकचं मागचं ऑइल सील आणि पुढचं सील. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. प्लेट अर्धी शिल्लक असली तरी बदला. ब्लॉकचे कोअर प्लग (पाण्याच्या वाटांवरची पत्र्याची बुचं), विशेषतः गिअरबॉक्सकडचे, जे एरवी दिसतच नाहीत. पुराचं पाणी आणि वर साधं नळाचं पाणी कूलंट म्हणून घातलेलं असेल तर ते आतून कागदासारखे झालेले असतात. इंजिन माउंटिंगची रबरं. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट. पाण्याचे सगळे पाइप. पेट्रोलचे रबरी पाइपही, कारण आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. रेडिएटरच्या जाळीत पुराचा गाळ अजून असेल, उजेडासमोर धरून बघा. स्टार्टर आणि अल्टरनेटर खोलून साफ करून घ्या.

आणि अर्थातच वॉल्व सील, कारण तुमचा धूर तिथला आहे. त्यासाठी हेड काढायची गरज नाही. पिस्टन थोडा खाली ठेवून प्लगच्या भोकातून मऊ सुती दोरी आत कोंबायची, बाहेर टोक ठेवायचं, मग क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरीचा गठ्ठा वॉल्व खालून धरून ठेवतो, स्प्रिंग सोडली तरी वॉल्व आत पडत नाही. रॉकर शाफ्ट काढावा लागतो, काम किचकट आहे, पण गॅस्केट शाबूत राहतं. नव्या पोरांना ही दोरी माहीत नसते. मिस्त्री वयाने माझ्याएवढे असतील तर हसून 'हो' म्हणतील. हे सगळं मिळून किती होईल ते त्यांच्याकडून कागदावर मागा, पार्टचे वेगळे आणि मजुरीचे वेगळे.

आकडे वाईट आले तर? नुसता वॉल्व असेल तर हेड उतरवून वॉल्व ग्राइंडिंग, खालच्या भागाला हात नको. रिंग-बोअर निघाला तर मात्र बोअर गेजने वर, मधे, खाली आणि आडवा-उभा असा मोजायला लावा. 'हाताला झिजलेला लागतो' हे माप नव्हे, माझ्या हाताने मास्तरांचं काय केलं ते वर सांगितलंच. बोअर करायचाच ठरला तर आधी ओव्हरसाइझ, म्हणजे किंचित मोठ्या मापाचे, पिस्टन विकत घ्या, ते लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्या पिस्टनांच्या मापाने बोअर करून घ्या. उलट केलं की पिस्टन मिळेल तसा घालावा लागतो. हे ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत होतं, अल्टोतही होतं, त्यामुळे सामान मिळतं. पण त्यात प्रकार आहेत, दुकानात जुना नमुना घेऊन जा. क्रँकला मोजल्याशिवाय ग्राइंडिंगला पाठवू नका. चांगला क्रँक उगाच अंडरसाइझ करून आणलेला मी पुष्कळदा पाहिलाय.

कुणी 'भंगारातलं तयार इंजिन पंधरा हजारांत बसवून देतो' म्हणेल. त्याच्या आत काय आहे ते तुम्हाला तुमच्या इंजिनाइतकंही माहीत नाही. वर इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, नाहीतर २०२९ च्या पासिंगला गाडी उभीच राहील. त्या पासिंगचाही विचार आता करून ठेवा. वीस वर्षांवरच्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी केंद्राने २०२५ मध्ये दहा हजार केली आहे, पर्यावरण कर वेगळा. अडतीस हजार वाचवायला सांगतोय त्याचं हेही एक कारण.

या सगळ्याआधी, हे वाचून झालं की मिस्त्रींना फोन करा आणि इंजिन कुठं ठेवलंय ते विचारा. पत्र्याचं काम चाललंय तिथंच पडलं असेल तर हलवायला सांगा. पुट्टी घासल्याची धूळ आणि पॉलिश पेपरचे कण म्हणजे बोअरला सँडपेपरच. इनलेट, एक्झॉस्ट, प्लगची भोकं, पाण्याच्या वाटा, सगळ्यांवर स्वच्छ कापड कोंबून वर टेप. प्रत्येक बोअरमध्ये चमचाभर ऑइल आणि चार दिवसांनी एकदा क्रँक हाताने फिरवायचा, म्हणजे रिंगा जागेवर धरणार नाहीत. कापडं मोजून कोंबा आणि मोजून काढा. परत चढवल्यावर पहिल्यांदा प्लग न लावताच, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारा, मगच चालू करा.

रंगाचं म्हणाल तर आहे तोच ठेवा. आरसीवर रंग लिहिलेला असतो. लाल केलात तर आरटीओत नोंद बदलायला फेऱ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. मुलीला लाल हवाच असेल तर सीट कव्हर लाल शिवून घ्या. आणि पत्र्याला आणखी तीन आठवडे लागणार असतील तर वडिलांना एकदा गॅरेजवर नेऊन आणा, खुर्ची मिस्त्री देतील.